नखाएवढा कोळी, रोजचा स्प्रे आणि कोल्हापूरचा पाऊस

प्रश्न: नमस्कार सर, मी राजारामपुरीत राहतो. पुण्याच्या मित्रानं बिळात राहणारा वेल्व्हेट स्पायडर दिलाय, एरेसस म्हणतात म्हणे, नखाएवढाच आहे. बरणीत माती घालून ठेवलाय पण तीन आठवडे झाले बाहेरच येईना, खातोय का नाही तेपण कळंना, मी रोज पाण्याचा स्प्रे मारतोय. उकरून बघू का? आई म्हणती मेला असंल, टाकून दे.

उत्तर: उकरू नका ओ! आणि आधी तो स्प्रे कपाटात ठेवा. हा कोळी कोरड्या, उन्हाच्या माळावरचा, त्याच्या जाळ्यात चिकट थेंब नसतात, मागच्या पायावरच्या कंगव्यानं विंचरून काढलेले लोकरीसारखे बारीक तंतू असतात आणि ते भिजले की लडबडून बसतात, मग किडा अडकायचा कसा? त्यात आपला पाऊस, जून ते सप्टेंबर भिंतीलासुद्धा ओल येते, बरणीत बुरशी धरायला वेळ नाही लागत. झाकणाला भरपूर भोकं पाडा, आठवड्यातून एकदा एका कोपऱ्यात चार थेंब पाणी टाका, बास.

पंचगंगेकाठची काळी माती घातली असेल तर अवघड आहे, ती वाळली की भेगा पडतात आणि बीळच फाटतं. वाळू आणि तांबडी माती मिसळून चांगली दाबून, निदान दहा सेंटिमीटर भरायला हवी. पण आत्ता बदलू नका, त्यानं आत रेशमाची नळी विणली असणार, ती मोडली की सगळं परत पहिल्यापासून.

तीन आठवडे उपास म्हणजे काही नाही, कात टाकायच्या आधी हे कोळी खाणं सोडतात. बिळाच्या तोंडाशी मातीला चिकटलेली रेशमाची चादर दिसते का बघा, त्यावर छोटा भुंगेरा सोडा, भुंगेरे त्यांना फार आवडतात. सकाळपर्यंत तसाच राहिला तर काढून घ्या. उसाच्या फडातले किडे मात्र आणू नका, फवारणी झालेली असते. आणि त्या खोलीत मच्छरची अगरबत्ती, लिक्विड मशीन अजिबात नको, डासाला मारतं ते कोळ्यालाही मारतं.

मादी असेल तर वर्षानुवर्षं त्याच बिळात बसेल. पिल्लं झाली की ती पोटातलं बाहेर काढून त्यांना भरवते आणि शेवटी पिल्लं तिलाच खाऊन टाकतात. हे आईंना आत्ताच सांगू नका. एकदम लाल, पाठीवर काळे ठिपके असा निघाला तर नर, तो बीळ सोडून भटकतो आणि फार दिवस टिकत नाही.

कंटाळा आला तरी पन्हाळ्यावर नेऊन सोडू मात्र नका, तो इथला नाही. मित्रालाच परत द्या, आणि त्याच्याकडं कागदपत्रं आहेत का तेही विचारा.

प्रश्न: मिरगाचा लाल मखमली किडा हाच का?

उत्तर: नाही. पाय आठच, पण तो माइट, गोचिडीच्या भावकीतला. त्याला बरणीत घालू नका.