जुनी सीएनजी गाडी घेताना गॅसच्या टाकीत काय तपासावं?

गाडी चालवून बघण्याआधी डिकी उघडा. टाकीवर कोरलेला क्रमांक, उत्पादनाची आणि शेवटच्या चाचणीची (हायड्रो टेस्टची) तारीख वाचा. क्रमांक कागदपत्रांशी जुळलाच पाहिजे. टाकीचं एकूण आयुष्यच संपलेलं असेल तर ती बदलावीच लागते, म्हणून तो खर्च सौद्यात धरा.

भरलेल्या टाकीत साधारण 200 बार दाब असतो, त्यामुळे पोचा किंवा खोल ओरखडा किरकोळ समजू नका. गंज बहुधा पकडपट्ट्यांखाली धरतो, कारण तिथे ओल साचते. टाकीवर ताजा रंग दिसला की मला तर उलट शंकाच येते! अपघातात किंवा आगीत सापडलेली टाकी तारखा ठीक असल्या तरी नव्याने तपासून घ्या.

हायड्रो टेस्टमध्ये टाकी उतरवून, पाणी भरून नेहमीच्या दाबाच्या दीडपट किंवा त्याहून जास्त दाब देतात आणि ती फुगून पूर्ववत होते का ते मोजतात. हे काम अधिकृत केंद्रातच होतं, ओळखीच्या मेकॅनिकचं 'सगळं ओके आहे' इथे चालत नाही. व्हॉल्व्ह आणि पाइपच्या जोडांवर मात्र साबणाचं पाणी लावून तुम्हीही गळती बघू शकता. बुडबुडे आले की गळती आहे.