बालगृहाला निघण्याआधी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

केनियातल्या मोंबासाजवळच्या बालगृहाचं बोलावणं आलं आणि तुम्ही दोघं मुलांना घेऊन निघताय, हे कळलं. सोबत काय न्यायचं, असं तू विचारलंयस. आधी इथेच काय ठेवून जायचं ते सांगतो. तिथल्या पोरांचे आईबाप व्हायला चाललोय, ही कल्पना. प्रत्येक खोलीत एक 'मामा' असते, म्हणजे सांभाळणारी बाई. रात्री दोनला ओकणारं मूल उचलते ती, कुणाला कोणती भाजी चालत नाही ते ठाऊक असतं तिलाच. तुमचा परवाना संपेल, ती राहील. तिचा पगार महिन्याच्या महिन्याला, आठवड्यातून एक पूर्ण सुट्टी, आणि एकीच्या गळ्यात आठ-दहाच्या वर मुलं नाहीत, एवढं जमवलंत तरी पुष्कळ झालं.

फाटकातून आत पाऊल टाकताच पाच-सहा पोरं कमरेला मिठी घालतील. नवख्याला भरून येतं. पण अनोळखी माणसाला इतक्या चटकन बिलगणाऱ्या मुलाने अशी बरीच माणसं येताना आणि जाताना पाहिलेली असतात. नाव विचारा, हात धरा आणि त्याला त्याच्या मामाकडे घेऊन जा. रडणारं मूल तिच्याच मांडीवर शांत झालं पाहिजे, तुमच्या नव्हे.

कागदपत्रांत घाई नको. धर्मादाय आणि धार्मिक कामासाठी 'क्लास आय' परवाना लागतो, बायको-मुलांसाठी डिपेंडंट पास. पाहुण्यांच्या ई-टीएवर, म्हणजे ऑनलाइन मिळणाऱ्या प्रवेश-परवानगीवर जाऊन काम सुरू करायचं आणि मागाहून बघू म्हणायचं, हे करू नका. सापडलात तर संस्थेचीही नोंदणी धोक्यात येते. पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच घ्या. लशीच्या दाखल्याचं पिवळं पुस्तक परतताना मुंबईत मागतात, नसेल तर विलगीकरणात बसवतात. एकदा घेतलेली लस जन्मभर चालते. नऊ महिन्यांखालच्या बाळाला मात्र ती देत नाहीत.

आता मुख्य गोष्ट. केनियाने २०१७ मध्ये नव्या बालगृहांची नोंदणी थांबवली, २०२२ मध्ये नवा बालकायदा आणला आणि २०३२ पर्यंत मुलांना संस्थांमधून कुटुंबांकडे नेण्याचं धोरण आखलं. तेव्हा होकार कळवण्याआधी संस्थेला एकच विचारा: गेल्या वर्षी किती मुलं घरी गेली? उत्तराऐवजी नव्या इमारतीचा नकाशा पुढे आला तर सावध व्हा. देणगीदार खाटा मोजतात. खाट रिकामी झाली की पैसा आटतो, म्हणून खाटा भरलेल्या ठेवल्या जातात.

बहुतेक मुलांना आई, आजी, मावशी, कुणीतरी असतंच. गरिबीने किंवा शाळेच्या खर्चाने त्यांना आत आणलेलं असतं. प्रत्येक मुलाची फाइल काढा: न्यायालयाचा किंवा बालअधिकाऱ्याचा आदेश, जन्मदाखला, लसीकरणाचं कार्ड आणि नातेवाइकांची नावं फोन नंबरसह. सगळ्यात जास्त फाइलींत रिकामं असतं ते हे शेवटचं पान. एप्रिल, ऑगस्ट आणि डिसेंबरच्या सुट्ट्यांत मुलाला आधी दोन दिवस, मग आठवडाभर घरी पाठवून बघा. आजीला जानेवारीचा गणवेश, बूट आणि चार कोंबड्या दिल्या तर ते खाटेच्या वर्षभराच्या खर्चाहून बहुधा स्वस्त पडतं. पाठवलं म्हणजे काम संपलं, असं नाही. वर्षभर भेटी हव्यात, तेही न कळवता.

यात आपला, मराठी मंडळींचा एक जुना धागा आहे. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं एकोणिसाव्या शतकात नाशिकच्या शरणपूरला मिशनने वाढवली, सुतारकी-लोहारकी शिकवली. आफ्रिकेचा शोधप्रवासी लिव्हिंग्स्टन याचा मृतदेह घेऊन १८७४ मध्ये लंडनला गेलेला जेकब वेनराइट तिथलाच. पुढे यांतल्या बऱ्याच जणांना मोंबासासमोरच्या फ्रेअरटाउनला वसवलं. गावाचं नाव मुंबईचे माजी गव्हर्नर फ्रेअर यांच्यावरून. तिथली घंटा अजून आहे, जरूर बघा. पण मायदेशी परतूनही लोक त्यांना 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणत. संस्थेत वाढलेलं पोर आपल्याच गावात परकं कसं होतं, ते या नावात आहे.

आता कोठीघर. चाळीस मुलांच्या उगालीला, म्हणजे मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीला, नव्वद किलोचं मक्याचं पोतं जेमतेम आठवडाभर जातं. त्यामुळे कुणी दहा पोती दान दिली की नाही म्हणवत नाही. म्हणायला शिका. ओल्या मक्यावर बुरशी येते, तिचं विष, अफ्लाटॉक्सिन, शिजवूनही जात नाही. २००४ मध्ये केनियातल्याच माकुएनी-किटुईच्या भागात अशा मक्याने १२५ माणसं गेली. परीक्षा सोपी आहे. कोरडी काचेची बाटली घ्या, एक तृतीयांश मका भरा, दोन-तीन चमचे मीठ टाका, हलवा आणि पंधरा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर मका ओला. नाही चिकटलं तर ओलावा साधारण पंधरा टक्क्यांच्या आत आहे, पण साठवायला साडेतेरा हवा, तेव्हा आणखी ऊन द्याच. मोंबासाच्या दमट हवेत मीठच ओलं असतं आणि परीक्षा फसते. आधी ते तव्यावर भाजून गार करा. पोती फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर. बुरसटलेला मका कोंबड्यांनाही घालू नका, विष अंड्यांत उतरतं.

ताप आला की आधी हिवतापाची पट्टी, म्हणजे बोटाच्या थेंबभर रक्ताची झटपट तपासणी, मग औषध. आर्टिमेथर-ल्युमेफॅन्ट्रिन या हिवतापाच्या औषधाचे सहा डोस असतात: पहिला, आठ तासांनी दुसरा, मग पुढचे दोन दिवस सकाळ-संध्याकाळ. नेहमीच्या २०/१२० मिलिग्रॅम गोळीचं प्रमाण वजनावर: पाच ते पंधरा किलोच्या आत एक, पंचवीसच्या आत दोन, पस्तिसाच्या आत तीन, पुढे चार. मूल काट्यावर चढवा, वयावरून अंदाज नको. गोळी दुधाबरोबर किंवा तेलातुपाच्या घासाबरोबर द्या, रिकाम्या पोटी ती अंगी लागत नाही. अर्ध्या तासात ओकलं तर तोच डोस पुन्हा. चुका दोन होतात. दुसऱ्या दिवशी ताप उतरतो आणि उरलेल्या गोळ्या पुढच्या मुलासाठी जपून ठेवल्या जातात. दुसरी चूक पट्टीची: परजीवी मेल्यावरही त्याचं प्रथिन रक्तात काही आठवडे राहतं. म्हणून पंधरा दिवसांनी पुन्हा रेघ उमटली तर लगेच गोळ्या सुरू न करता सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्टीची तपासणी करून घ्या, तापाचं दुसरं कारण शोधा. झटके, गुंगी, सतत ओकाऱ्या, काहीही पिता न येणं, यांत घरी थांबायचं नाही. गाडी आणि पेट्रोल रात्रीही तयार हवं.

पायाच्या बोटांशी काळा ठिपका आणि भोवती पांढरी कड दिसली तर ते 'फुन्झा', कातडीत शिरलेली पिसू. एकाच सेफ्टी पिनने दहा पोरांचे पाय कोरतात, त्यातून रक्ताचे आजार पसरतात. डायमेटिकोन (सिलिकॉनचं) तेल लावा, धनुर्वाताची लस पूर्ण झालीय का ते बघा. आणि बूट दिले तरी जमीन धुळीची राहिली तर फुन्झा परत येतो. सिमेंट होईपर्यंत रोज पाणी शिंपडा.

तुमच्या स्वतःच्या पोरांबद्दल: शक्यतो आवाराबाहेर घर घ्या. जेवणाचा एक वेळ फक्त तुमच्या चौघांचा. त्यांची खेळणी 'सगळ्यांची' करून टाकू नका, नाहीतर वर्षभरात ती त्या पोरांचा राग करू लागतील आणि दोष तुमचाच असेल.

स्वाहिली शिका. अर्धी ओळखीचीच वाटेल: दुका, चपाती, पेसा. मुलांकडून मात्र एक जोडी निघण्याआधी घोकून घ्या. वडीलधाऱ्यांना 'शिकामो', आणि त्यांचं उत्तर 'मराहबा'. मामांना आधी, पाळकसाहेबांना नंतर.

डाळ-तांदूळ नेऊ नका, मोंबासात मिळतात. गोडा मसाला न्या.

तुमचे,
काका-काकू