तिची सहा पानं का अडवलीत?

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला, पेटंट कायद्यातल्या बदलांवर संसदीय समितीने सूचना मागवल्या म्हणून तिने रात्रभर जागून सहा पानं लिहिली आणि तुम्ही ती पाठवू दिली नाहीत, का तर "राजकारणात पडायचं नाही". तुम्ही विचारलंय मार्क घसरलेत त्याचं काय करू, पण मला मार्कांचं काही वाटलं नाही, त्या पानांचं वाटलं. कोणी न सांगता कायद्याचा मसुदा कलम न् कलम वाचणारी किती पोरं असतात हो? स्पष्ट सांगते, मला राग आला.

कायदे करणाऱ्यांना सगळं ठाऊकच असतं, पोरीचं कोण ऐकणार, असं तुम्ही लिहिलंय, ते साफ चूक आहे. निवडून आलेल्या माणसाला आज बॅटरीवर, उद्या औषधांवर, परवा एआयवर मत द्यायचं असतं, तो कशाकशातला तज्ज्ञ असेल? त्याला कोणीतरी समजावून द्यावंच लागतं. अमेरिकेच्या काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, त्यासाठी १९७२ मध्ये तंत्रज्ञानाचं वेगळं ऑफिस काढलं आणि १९९५ मध्ये पैसे तोडून बंदही केलं, ब्रिटनच्या संसदेचं 'पोस्ट' नावाचं असंच ऑफिस मात्र १९८९ पासून चालू आहे, त्यांची टिपणं चार-चार पानांची, सायन्स न शिकलेल्या खासदाराला कळतील अशी. अमेरिकेत काँग्रेसच्या समितीपुढे साक्ष द्यायला बसलेल्या संशोधकाला बोलायला साधारण पाच मिनिटं मिळतात, बाकीचं सगळं लेखी निवेदनात जातं, म्हणजे लिहिणाऱ्याला किंमत आहे. अमेरिकेतला १९८० चा बे-डोल कायदा (बे आणि डोल या दोन सिनेटरांच्या नावाचा) असाच आला, सरकारी पैशातून लागलेले शोध नुसते पडून राहतात हे विद्यापीठांनी सिनेटरांच्या गळी उतरवलं, तेव्हा कुठे त्या पेटंटची मालकी विद्यापीठांना न् छोट्या कंपन्यांना ठेवता यायला लागली.

तिची ही आवड पुढेही कामाला येईल. डिग्री पूर्ण होऊ दे, पेटंट एजंटच्या, म्हणजे लोकांसाठी पेटंटचे अर्ज करणाऱ्याच्या, परीक्षेला ती लागतेच, नुसती एलएलबी पुरत नाही. नंतर पब्लिक पॉलिसी किंवा खासदारांसोबतची फेलोशिप, तिचं ती ठरवेल.

पण आज तिला एवढं विचारा, त्या पानांत स्वतःच्या प्रोजेक्टचं आतलं डिझाइन दिलंय का? समितीकडे गेलेली निवेदनं बऱ्याचदा प्रसिद्ध होतात, आणि पेटंटचा अर्ज टाकण्याआधी शोध असा उघड झाला तर अमेरिकेत वर्षभराची सवलत आहे, युरोपात मात्र हक्क गेल्यात जमा. तेवढा भाग तिला काढायला सांगा आणि बाकीचं मुदत संपायच्या आत पाठवू द्या.