वाचकांचे प्रश्न: खाडीतली कयाक, ओहोटी आणि चिखल

प्रश्न : दाभोळच्या खाडीत एकादशीला सकाळी नऊ वाजता आम्ही दोघे कयाक घेऊन उतरलो आणि खाडीच्या तोंडाकडे निघालो. तासाभरात चार किलोमीटर सहज गेलो. थोडं थांबून साडेदहाला परत फिरलो, तर दीड तास वल्हवूनही निम्मंच अंतर कापलं. निघालो होतो तिथे पोहोचलो तेव्हा पाण्याऐवजी चिखल होता. आमची ताकद कमी पडली की कयाक चुकीची घेतली? (दापोली)

उत्तर : ताकदही पुरेशी होती आणि कयाकही ठीक होती. चुकली ती वेळ. तिथी तुम्ही पत्रात लिहिलीच आहे, तर कोकणातला जुना हिशेब करून बघा : तिथीला तीनाने गुणा आणि चाराने भागा. एकादशीला ११ × ३ ÷ ४, म्हणजे सव्वाआठ. हीच त्या दिवशीच्या पूर्ण भरतीची ढोबळ वेळ. पक्ष शुद्ध असो वा वद्य, मोजणी प्रतिपदेपासूनच करायची. उत्तरात अर्धा-पाऊण तासाचा फरक पडू शकतो. हा हिशेब मुंबईच्या आसपास चांगला जुळतो. मालवणकडे भरती त्याआधी येते, आणि कुठल्याही खाडीत जितकं आत जाल तितकी ती उशिरा पोहोचते. म्हणून निघण्याआधी भरती-ओहोटीचं छापील किंवा फोनवरचं कोष्टक पाहाच. तिथीचा उपयोग कोष्टक चुकीच्या बंदराचं तर नाही ना, हे ताडून बघायला होतो.

नऊला उतरलात तेव्हा ओहोटी लागून पाऊण तास झाला होता. जाताना पाण्याने तुम्हाला ढकललं आणि तो वेग तुम्हाला स्वतःचाच वाटला. पुढचं गणित असं. भरतीपासून ओहोटीपर्यंत साधारण सहा तास लागतात, पण पाणी सगळे तास सारखं उतरत नाही. एकूण उताराचे बारा भाग धरले, तर पहिल्या तासात एक भाग जातो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, मग दोन आणि शेवटी एक. उतार २.४ मीटर असेल, तर पहिल्या तासात २० सेंटिमीटर उतरतात आणि तिसऱ्यात ६०. तुम्ही साडेदहाला परत फिरलात, म्हणजे नेमके तिसऱ्या तासात. नवशिक्याची कयाक ताशी चारेक किलोमीटर जाते. समोरून ताशी अडीच-तीन किलोमीटरचा प्रवाह असेल, तर हाती ताशी एक-दीड किलोमीटरच उरतो. अशा वेळी जोर दुप्पट केला तर अर्ध्या तासात खांदे जातात. प्रवाह मध्यभागी सगळ्यात जोरात असतो. काठाच्या उथळ पाण्यात आणि वळणाच्या आतल्या बाजूला तो बराच मंद असतो. तिथून यायला हवं होतं.

एकादशीचा बेत उलटा करा. साडेसहाला उतरून चढत्या भरतीबरोबर आतल्या बाजूला जा, साडेआठच्या सुमारास पाणी थबकलं की वळा आणि ओहोटीच्या पहिल्या दीड तासात परत या. धक्क्याखाली अजून पाणी असेल आणि ऊनही चढलेलं नसेल. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाण्याला ओढ जास्त असते. पहिल्या काही फेऱ्यांसाठी अष्टमीच्या आसपासचे भांगाचे, म्हणजे पाण्याची चढ-उतार कमी असलेले दिवस निवडा. अष्टमीला भरती सहाच्या सुमारास येते, म्हणजे सकाळ जवळजवळ सगळी ओहोटीचीच. तेव्हा उजाडताच उतरा आणि फेरी लहान ठेवा.

वारंही याच हिशेबात धरायचं. उन्हाळ्यात पहाटे जमिनीकडून येणारा मतलई वारा हलका असतो, पण दुपारी समुद्राकडून खारा वारा जोर धरतो. ओहोटीचं पाणी पश्चिमेला वाहत असतं आणि वारा त्याच्या तोंडावर येतो. दोघांची टक्कर झाली की खाडीच्या तोंडाशी आखूड, उभ्या लाटा उठतात. बाजूने आलेली अशी एखादी लाट कयाक उलटवायला पुरते. जिथे आतून बाहेर जाणारं पाणी वाळूच्या पट्टीवर फुटताना दिसतं, तिथे कयाक नेऊच नका.

आता चिखल. पाय खाली टाकू नका, हा पहिला नियम. कयाक रुतली तर तिच्यावरच बसून राहा. ओहोटीच्या तळाआधी दोन तास पाणी गेलं असेल, तर ते तळानंतर साधारण दोन तासांनी परत येईल, आणि एवढं थांबणं चिखलातून चालण्यापेक्षा कधीही बरं. तरीही पाय अडकलाच, तर ओढू नका. कयाकवर छातीने आडवे पडा म्हणजे वजन पसरेल, मग घोटा गोल हलवत पायाभोवती पाणी शिरू द्या आणि सावकाश वर घ्या. पायात मागून पट्टा असलेली, बोटं झाकणारी पादत्राणं हवीत. साधी चप्पल चिखलात राहते आणि खडकांवरची कालवं तळवा ब्लेडसारखा कापतात.

प्रश्न : वर बसायची (सिट-ऑन-टॉप) कयाक आहे. दोन तासांनी ती जड लागते आणि डुगडुगते. तळाला कुठे भोक दिसत नाही. (मालवण)

उत्तर : पोकळ भागात पाणी शिरतंय. आत आलेलं पाणी एका जागी राहत नाही. कयाक डावीकडे कलली की ते डावीकडे धावतं आणि कलण्यात भर घालतं. म्हणून वीस-पंचवीस लिटरसुद्धा धोक्याचे. तांब्याभर पाणी निघालं तर काळजी नाही, बादलीभर निघालं तर कारण शोधा. आधी मागच्या टोकाचं बूच पाहा. निम्म्या वेळा तेच सैल असतं किंवा त्याचं रबरी वायसर वाळून चिरलेलं असतं. मग पाणी निथळण्याची आरपार भोकं तपासा. ज्या गाड्यांचे दांडे या भोकांत घालून कयाक ओढतात, त्या गाड्यांमुळे भोकाच्या आतल्या कडेला केसासारखी चीर जाते आणि ती वरून दिसत नाही. कयाक दोन बाकांवर ठेवा, आत आठ-दहा लिटर पाणी ओता, बूच लावा, टोकं आळीपाळीने उचला आणि खालून कोरडं फडकं फिरवा. चीर सापडली की एपॉक्सी लावू नका. कयाकच्या पॉलिथिलीन प्लास्टिकला ते धरत नाही, चार दिवसांत पापुद्र्यासारखं निघतं. त्याच प्लास्टिकची कांडी वितळवून वेल्डिंग करून घ्या. पाण्याच्या प्लास्टिक टाक्या दुरुस्त करणाऱ्यांपैकी काही जण हे काम करतात.

प्रश्न : उलटल्यावर परत चढताच येत नाही. पोहता येतं, हातात जोरही आहे. (अलिबाग)

उत्तर : बहुधा तुम्ही कयाकच्या कडेला उभे लोंबकळत हातांनी स्वतःला वर खेचता. मग पाय कयाकखाली जातात आणि ती पुन्हा तुमच्याच अंगावर येते. क्रम असा ठेवा : कयाक पालथी असेल तर पलीकडची कड किंवा मुठीचा पट्टा धरा, गुडघा जवळच्या कडेवर टेका आणि मागे रेलून ती सुलटी करा. वल्हं दोरीने बांधलेलं असावं. आता बैठकीच्या बाजूला या, अंग पाण्यावर आडवं करा आणि पोहताना मारता तसे पाय मारा. हातांनी वर चढायचं नाही, कयाक अंगाखाली ओढून घ्यायची. छाती पलीकडे गेली की बेंबी बैठकीवर येईपर्यंत सरका, मग कूस बदलून पार्श्वभाग टेकवा आणि पाय सगळ्यात शेवटी आत घ्या. आधी पाय आत टाकायची घाई केली की पुन्हा पाण्यात. लाटा फुटत असतील तर किनारा आणि कयाक यांच्यामध्ये कधीही राहू नका. हा सराव छातीएवढ्या शांत पाण्यात, लाईफ जॅकेट घालूनच, दहा-बारा वेळा करा.

जॅकेट तपासायला दुसऱ्याला खांद्याचे पट्टे वर खेचायला सांगा. हनुवटी झाकली गेली तर ते सैल आहे. जॅकेटची तरंगवण्याची ताकद न्यूटनमध्ये मोजतात. ५० न्यूटनचं जॅकेट पोहणाऱ्यासाठी आणि मदत जवळ असेल तिथेच पुरतं. पोहता येत नसेल तर १०० न्यूटनचं घ्या.

प्रश्न : कोलाडला राफ्टिंग सकाळीच का? आणि एप्रिल-मेमध्ये बाकी नद्या कोरड्या असताना कुंडलिकेला पाणी कुठून? (पुणे)

उत्तर : ते पाणी मुळशीच्या तलावाचं. घाटावरून खाली येऊन भिरा इथल्या वीजकेंद्राची चाकं फिरवतं आणि मग कुंडलिकेत येतं. पाणी सोडतात त्या वेळेवर राफ्टिंग ठरतं आणि ते बहुधा सकाळी सोडतात. त्या दिवशी पाणी सुटलं नाही तर राफ्ट उतरत नाही, म्हणून आदल्या संध्याकाळी खात्री करून घ्या. राफ्टमध्ये वल्ह्याच्या वरच्या टोकाची आडवी मूठ हाताने झाकलेली हवी, नाहीतर खळाळात ती शेजाऱ्याच्या दातांवर बसते. पाण्यात पडलात तर पाठीवर व्हा, पाय प्रवाहाच्या दिशेने, बोटं पाण्याबाहेर. उभं राहायचा मोह टाळा, कारण दगडात पाऊल अडकलं की गुडघाभर वेगाचं पाणीही माणसाला आडवं करून दाबून ठेवतं.

प्रश्न : चिपळूणजवळ वाशिष्ठीत मगरी आहेत. तिथे कयाक न्यावी का? (चिपळूण)

उत्तर : मगरी आहेत हे खरं. तिथे शिकायला उतरू नका, कारण शिकणारा माणूस पाण्यात पडतोच. सराव झालेल्यांनीही थंडीच्या सकाळी, मगरी ऊन खायला काठावर येतात तेव्हा, त्या बाजूने जाऊ नये. फेब्रुवारी ते एप्रिल हे त्यांचे अंडी घालण्याचे दिवस, तेव्हा वाळूच्या काठांवर अजिबात उतरू नये. हातपाय पाण्यात सोडून बसू नका आणि तिन्हीसांजेच्या आत बाहेर या. फुगवायची कयाक तर तिथे नकोच.