बाप खरा असला तरी

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

परदेशातून फोन करून स्वतःला तुझा बाप म्हणवणारा हा माणूस तोतया आहे, असं मी म्हणणार नाही. तुझ्या हनुवटीवरची खूण कुठल्या उंबऱ्यावर पडून झाली ते त्याला ठाऊक आहे, म्हणजे बाप तोच असावा. इतक्या वर्षांनी त्याचा आवाज ऐकून तू हरखलीस, यात तुझं काही चुकलं नाही. पण बाप खरा निघाला म्हणून तो सांगतो ते काम करायचं, असं कुठं आहे?

त्यानं काय काय मागितलं ते ओळीनं लावून बघ. आधी आपल्या बेळगावच्या मराठा सेंटरच्या, म्हणजे मराठा रेजिमेंटच्या प्रशिक्षण केंद्राच्या, कसम परेडचा फोटो, नवे जवान शपथ घेतात ती. तिथं तर अग्निवीरांचे आईबापही येतात, मग त्यात काय गुपित? मग तुझ्या सिमवर आलेला ओटीपी. मग मैत्रिणीचा भाऊ सुट्टी संपवून कुठल्या युनिटला गेला ते. आणि आता सांबऱ्याच्या एअरफोर्स स्टेशनचं गेट, गाड्या किती वाजता आत जातात. पहिल्या फोटोची त्याला काडीची गरज नव्हती गं. पोरगी नाही म्हणते का, एवढंच चाचपायचं होतं.

मला धास्ती वाटते ती ओटीपीची. तो मिळाला की तुझ्या नंबरचं व्हॉट्सॲप परदेशात बसून चालवता येतं, आणि इकडच्या जवानाला दिसतो आपल्याकडचाच नंबर. त्याच्याशी गोड कोण बोलतंय ते तुला कळणारही नाही. शिवाय अठराच्या आत सिम मिळत नाही, म्हणजे ते आईच्या नावावर असणार. चौकशीला लोक आले तर आधी तिलाच विचारतील. "आईला यातलं बोलू नको," असं तो म्हणाला ना? लेकीची खरी ओढ असलेला बाप तिच्या आईची माफी मागेल, निदान भांडेल तरी.

भीती घालत नाही, पण माहीत असू दे. १९२३ च्या ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्टखाली संरक्षणाची माहिती शत्रूसाठी गोळा केली तर १४ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तू अल्पवयीन, तुझी बाब बाल न्याय मंडळापुढं जाईल. मुलांकडून गुन्हा करवून घेणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम ९५ खाली ३ ते १० वर्षांची कैद आहे. बाहेरदेशी बसलेल्या माणसाला ते कलम कधी गाठेल देव जाणे, तू मात्र इथंच आहेस. म्हणून आपण होऊन पोलिसांत गेलेलं बरं.

चॅट पुसू नकोस. त्याला उत्तर देऊ नकोस, आणि खरंखोटं काढायला स्वतः डोकं चालवू नकोस. त्यानं पाठवलेले पैसे खात्यात तसेच राहू देत. पोलिसांत जबाब कन्नडात लिहितील. मराठीत नीट समजावून सांगितल्याशिवाय कशावरही सही करायची नाही, समोर कितीही मोठा साहेब असला तरी. मी सोबत असेनच. माझ्या फीची काळजी नको. तशीही बायका-मुलांना जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो.

आईला आजच सांग. ती आधी त्याला शिव्या घालेल, मग तुला, आणि मग जेवायला वाढेल. रविवारी सकाळी दोघी टिळकवाडीला माझ्याकडं या. येताना फोन, चार्जर आणि बँकेचं पासबुक आणा.

तुझी,
वकील मावशी