पोटापाण्याचं खगोलशास्त्र

खगोलशास्त्रातल्या शिक्षणाबद्दल आणि नोकऱ्यांबद्दल आलेल्या पत्रांतून निवडलेले हे प्रश्न. एकसारखी पत्रं एकत्र केली आहेत. परीक्षांचे महिने अंदाजे दिलेत. ते दरवर्षी थोडे पुढेमागे होतात, तेव्हा अर्ज भरण्याआधी त्या त्या संस्थेचं संकेतस्थळ बघाच.

प्रश्न : मी दहावीत आहे. बारावीनंतर थेट खगोलशास्त्राची पदवी कुठे मिळते? बाबा दुर्बीण घेऊन देणार आहेत, कोणती घेऊ? (बार्शी)

आपल्याकडे खगोलशास्त्रात शिरायचा दरवाजा भौतिकशास्त्राचा आहे. पदवी भौतिकशास्त्राची घ्यायची आणि एमएस्सी किंवा पीएचडीला आकाशाकडे वळायचं, हाच बहुतेकांचा मार्ग. म्हणून अकरावीला गणित सोडू नकोस. 'गणिताऐवजी जीवशास्त्र घेतो, नंतर बघू' म्हणणाऱ्याची वाट तिथेच बंद होते.

बारावीनंतर चार रस्ते आहेत. पुण्याच्या आणि इतर आयसरमध्ये (केंद्र सरकारच्या विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था) पाच वर्षांचा बीएस-एमएस अभ्यासक्रम आहे. त्याची प्रवेश परीक्षा आयएटी : भौतिक, रसायन, गणित आणि जीवशास्त्राचे प्रत्येकी 15, असे 60 प्रश्न, 240 गुण. जीवशास्त्र घेतलं नसलं तरी ते 15 प्रश्न पेपरात असतातच. दहावीपर्यंतचं जीवशास्त्र घोटून त्यातले चार-पाच सुटले तरी पुष्कळ. दुसरा रस्ता नेस्ट परीक्षेचा. तिच्यातून भुवनेश्वरची नायसर आणि मुंबईत कालिना संकुलातलं सीईबीएस या दोन्ही विज्ञान संस्थांत प्रवेश मिळतो. तिसरा तिरुवनंतपुरमच्या आयआयएसटी या अवकाश विज्ञान संस्थेचा. तिथल्या इंजिनिअरिंग फिजिक्सच्या पाच वर्षांच्या दुहेरी पदवीत पुढे खगोलशास्त्र घेता येतं, पण प्रवेश जेईई अॅडव्हान्स्डवर. चौथा रस्ता म्हणजे गावाजवळच्या चांगल्या महाविद्यालयात बीएस्सी. तो कमी प्रतीचा मुळीच नाही. धोका एकच : दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी विषय कमी करताना मुलं गणित टाकून देतात आणि मग एमएस्सीच्या पहिल्या सत्रात मॅथेमॅटिकल मेथड्सच्या पेपरला रडतात.

ऑलिम्पियाडही बघ. पहिली पायरी एनएसईए ही राष्ट्रीय खगोलशास्त्र परीक्षा, ती नोव्हेंबरच्या सुमारास होते. परीक्षा नोंदणीकृत केंद्रावर द्यावी लागते. तुझी शाळा केंद्र नसेल तर जवळचं केंद्र ऑगस्टमध्येच गाठ, सप्टेंबर उलटला की कुणी ऐकत नाही. पुढची शिबिरं मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात होतात. 2025ची आंतरराष्ट्रीय स्पर्धाही मुंबईतच झाली.

दुर्बीण आत्ता नको. 10×50 किंवा 7×50ची द्विनेत्री (बायनॉक्युलर) घे आणि वर्षभर नक्षत्रं पाठ कर. बाजारात '500 पट मोठं दाखवणारी' म्हणून विकली जाणारी डगमगत्या तिपाईवरची दुर्बीण दोन महिन्यांत माळ्यावर जाते.

प्रश्न : बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरबसल्या खगोलशास्त्राचं 'खरं' काम करून बघता येईल का? आमच्या कॉलेजात दुर्बीणही नाही. (सातारा)

येईल. आणि तुमच्या अर्जात कुठल्याही प्रमाणपत्रापेक्षा त्याला जास्त वजन मिळेल. आजचा खगोलशास्त्रज्ञ दुर्बिणीपाशी थोडा वेळ आणि संगणकापुढे बाकी सगळा वेळ असतो. कृत्तिकांच्या तारकागुच्छापासून सुरुवात करा.

ताऱ्यांची स्थानं आणि अंतरं मोजणाऱ्या गाया उपग्रहाचा तिसरा विदासंच (डेटा) जून 2022मध्ये आला. त्यात सुमारे 180 कोटी स्रोत आहेत आणि तो सर्वांना फुकट आहे. गायाच्या अर्काइव्हवर जाऊन कृत्तिकांच्या मध्याभोवतीचे तारे मागा : विषुवांश आणि क्रांती (आकाशातले रेखांश-अक्षांश) 56.75 अंश आणि अधिक 24.12 अंश, त्रिज्या 2 अंश. नुसते एवढेच मागितलेत तर पुढचे-मागचे सगळे तारे येतील आणि फाइल फुगेल. म्हणून मागतानाच चाळण्या लावा. पराशय (पृथ्वीच्या भ्रमणामुळे ताऱ्याचं दिसणारं सरकणं, यावरून अंतर कळतं) 6.8 ते 8 मिलिआर्कसेकंद (अंशाच्या 3600व्या भागाचा हजारावा भाग). निजगती (ताऱ्याचं आकाशातलं स्वतःचं सरकणं) विषुवांशात वर्षाला अधिक 15 ते 25 आणि क्रांतीत उणे 50 ते उणे 40 मिलिआर्कसेकंद. पराशय त्याच्या त्रुटीच्या किमान दहापट असावा. गुच्छातले तारे एकत्र प्रवास करतात, म्हणून निजगतीची चाळणी सर्वांत धारदार. ती लावली की पार्श्वभूमीचे तारे जवळजवळ गळून जातात.

आता पायथॉनमध्ये आलेख काढा. आडव्या अक्षावर निळी प्रत वजा तांबडी प्रत (प्रत म्हणजे तेजस्वितेचं माप, मॅग्निट्यूड), उभ्यावर निरपेक्ष प्रत. निरपेक्ष प्रत म्हणजे गायाची 'G' प्रत, अधिक पराशयाच्या (10 पायाच्या) लॉगरिदमची पाचपट, वजा 10. यात पराशय मिलिआर्कसेकंदांत हवा. आर्कसेकंदांत टाकलात तर सगळे तारे 15 प्रतींनी सरकतील, ही चूक सर्रास होते. दुसरी चूक उभा अक्ष उलटा न करण्याची : प्रतीचा आकडा लहान तितका तारा तेजस्वी, तेव्हा लहान आकडे वर हवेत. चाळणीआधीच लॉग घेतलात तर ऋण पराशयांपाशी प्रोग्रॅम तक्रार करेल. गायात ऋण पराशय असतात. ती मोजणीतली त्रुटी आहे, फाइल बिघडलेली नाही.

सगळं नीट जमलं तर डावीकडे वरून उजवीकडे खाली उतरणारा एक बारीक पट्टा दिसेल. त्याला समांतर, साधारण 0.75 प्रतीने वर, दुसरी अस्पष्ट रेघ दिसते का बघा. ती जोडताऱ्यांची : दोन सारखे तारे एकच ठिपका म्हणून दिसतात, प्रकाश दुप्पट होतो, आणि दोनाच्या लॉगरिदमची अडीचपट म्हणजे 0.75. शेवटी सरासरी पराशयाने 1000ला भागा, अंतर 136 पार्सेकच्या (1 पार्सेक म्हणजे सुमारे 3.26 प्रकाशवर्षं) आसपास यायला हवं. हे सगळं चार पानांत, आलेखांसह आणि चुकांच्या अंदाजासह लिहून ठेवा.

तेच चार पानी टिपण पुढच्या उन्हाळ्यासाठी कामाला येतं. पुण्यातल्या आयुका आणि एनसीआरए (रेडिओ खगोलशास्त्र केंद्र) आणि मुंबईतली टीआयएफआर या संशोधन संस्था उन्हाळी प्रकल्पांना विद्यार्थी घेतात. तीन विज्ञान अकादम्यांची मिळून उन्हाळी फेलोशिपही आहे. अर्ज बहुधा हिवाळ्यात निघतात. शिफारसपत्र मागताना प्राध्यापकांना ते टिपण द्या. नाहीतर 'हा विद्यार्थी नियमित व शिस्तप्रिय आहे' असं पत्र येतं. निवड समितीला त्यातून काहीच कळत नाही.

प्रश्न : ई अँड टीसीमध्ये बीई केलं, दोन वर्षं आयटीत आहे. आता खगोलशास्त्रात यायला उशीर झाला का? (पिंपरी)

नाही. आयुका आणि एनसीआरएच्या पीएचडीला बीई-बीटेक चालतं. दोघांची मिळून आयनॅट ही चाळणी परीक्षा आहे. तिची जाहिरात चुकू नये म्हणून ऑक्टोबरपासून दर आठवड्याला संकेतस्थळ उघडा. तिच्याशिवाय जेस्ट आणि गेट या देशपातळीवरच्या परीक्षा आहेतच. जेस्टचे गुण देशातल्या बऱ्याच भौतिकशास्त्र संस्था धरतात.

अडचण अभ्यासक्रमाची आहे. अभियंत्यांना विद्युतचुंबकत्व आणि सिग्नल्स येतात. क्वांटम मेकॅनिक्स आणि सांख्यिकी भौतिकी मात्र नव्याने शिकावी लागते, नोकरी सांभाळून त्याला आठ-दहा महिने धरा. आणि पीएचडी हेच एक दार नाही. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचे 45 मीटर व्यासाचे 30 अँटेना आहेत. त्यांतले 14 मध्यभागी जवळजवळ, बाकीचे वाय आकारात 25 किलोमीटरपर्यंत पसरलेले. त्यांचे रिसीव्हर, सर्वो (अँटेना फिरवणारी यंत्रणा), कोरिलेटर (अँटेनांचे संकेत एकत्र जुळवणारा) आणि नियंत्रण-सॉफ्टवेअर अभियंतेच सांभाळतात. तुमची पदवी तिथे आडवी येत नाही, उलट उपयोगी पडते. या दुर्बिणीच्या जुन्या निरीक्षणांचं ऑनलाइन भांडारही आहे. 'जीएमआरटी ऑनलाइन अर्काइव्ह' या नावाच्या इंग्रजी आद्याक्षरांचं 'गोवा' होतं, त्यामुळे एनसीआरएत कुणी 'गोव्यातून डेटा काढला' म्हणालं तर तो सुट्टीवर गेला होता असं समजू नका.

प्रश्न : एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. गेल्या वर्षी लेखी परीक्षा पास झालो, मुलाखतीत बाद झालो. तिथे काय चुकतं? (कोल्हापूर)

बहुतेक वेळा खगोलशास्त्र कमी पडत नाही, पदवीचं भौतिकशास्त्र पडतं. मुलं कृष्णविवर आणि डार्क मॅटरची तयारी करून जातात. समोरून येतो तो प्रश्न असा : 'जीएमआरटीची एक तबकडी 1420 मेगाहर्ट्झला किती बारीक बघते?' फळ्यावर जायचं, तरंगलांबी 21 सेंटिमीटर काढायची, 1.22 गुणिले 0.21 भागिले 45. उत्तर 0.0057 रेडियन, म्हणजे सुमारे 20 कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग). चंद्र 30 कलांचा, म्हणजे एकटी तबकडी चंद्राच्या दोन-तृतीयांशाहून लहान काही वेगळं ओळखत नाही. आता 25 किलोमीटरचं अंतर घ्या : 0.21 भागिले 25,000, म्हणजे पावणेदोन विकला (कलेचा साठावा भाग, आर्कसेकंद). अँटेना इतके लांब का पसरले, याचं उत्तर या दोन ओळींत आलं. कॅल्क्युलेटरशिवाय हे जमलं आणि मोठ्याने विचार करत केलंत तर मध्ये एखादी चूक झाली तरी चालते. गप्प उभं राहणं मात्र नडतं. पाठ केलेलं उत्तरही नडतं, कारण पुढचाच प्रश्न 'वारंवारता अर्धी केली तर?' असा असतो.

प्रकल्प विचारतातच. प्रबंधात वापरलेल्या प्रत्येक पॅकेजच्या आत काय चाललंय ते सांगता आलं पाहिजे. 'सरांनी कोड दिला होता' म्हटलंत की मुलाखत तिथेच संपते.

प्रश्न : मुलगी आयसरमध्ये शिकते, पीएचडी करणार म्हणते. पगार कधी सुरू होतो? नोकरी मिळाली नाही तर? (एक पालक, नाशिक)

खर्चाची बाजू आधी. बारावीत मंडळात वरच्या एक टक्क्यात आलेल्या, मूलभूत विज्ञान शिकणाऱ्यांना इन्स्पायर शिष्यवृत्ती असते : वर्षाला 80,000 रुपये, त्यातले 20,000 उन्हाळी प्रकल्पासाठी. पीएचडीत तर दरमहा विद्यावेतन मिळतं. 1 जानेवारी 2023पासूनच्या दरांनी पहिली दोन वर्षं महिना 37,000 आणि पुढे 42,000. घरभाडे भत्ता वेगळा, पण वसतिगृहात राहिल्यास तो मिळत नाही.

त्यानंतरचा काळ कठीण असतो. पीएचडीला साधारण पाच ते सहा वर्षं, मग दोन किंवा तीन पोस्टडॉक (पीएचडीनंतरच्या मुदतीच्या संशोधन नोकऱ्या), बहुतेक परदेशांत, दर दोन-तीन वर्षांनी बिऱ्हाड हलवत. कायमची जागा मिळेपर्यंत वय तिशीच्या मध्यावर येतं. सातव्या आयोगानुसार विद्यापीठात सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन 57,700पासून सुरू होतं, आयआयटी-आयसरमध्ये नियमित सहायक प्राध्यापकाचं 1,01,500पासून. जागा मोजक्या आणि उमेदवार पुष्कळ, हे पहिल्याच दिवशी मान्य करून उतरावं.

नाही मिळाली तर मुलगी बेकार राहत नाही. मोठ्या विदासंचातून गोंगाट वेगळा काढणं, सांख्यिकी आणि पायथॉन हे काम तिने पाच वर्षं केलेलं असतं. वित्त, वैद्यकीय प्रतिमा, हवामान, डेटा सायन्स या सगळीकडे ते लागतं. आमचं मत असं : पोस्टडॉकची मर्यादा आधीच ठरवावी. दुसऱ्यानंतर थांबलेली माणसं सुखाने मार्गाला लागलेली दिसतात. चौथ्या-पाचव्यापर्यंत वाट पाहणाऱ्यांचं अवघड होतं.

प्रश्न : आमच्या जिल्ह्यात लायगो येतंय. आयटीआयवाल्यांना काही काम मिळेल का? (हिंगोली)

औंढ्याजवळच्या लायगो या गुरुत्वलहरी शोधणाऱ्या प्रकल्पाला एप्रिल 2023मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे 2,600 कोटी रुपयांची मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा काटकोनात असतात. त्यांतल्या सव्वा मीटरच्या आसपास व्यासाच्या पोलादी नळ्यांतली हवा जवळजवळ पूर्ण काढून टाकायची असते. यात शास्त्रज्ञांच्या बरोबरीने वेल्डर, फिटर, इलेक्ट्रिशियन, वातानुकूलन आणि व्हॅक्यूम पंप सांभाळणारे लागतात. साधं वेल्डिंग येणाऱ्याने स्टेनलेस स्टीलचं टिग वेल्डिंग आणि गळती तपासणी शिकावी. केसाएवढी गळती राहिली तरी ती नळी वापरता येत नाही. बांधकामाची बरीच कामं ठेकेदारांमार्फत होतात, कायम पदं मात्र अणुऊर्जा विभागाच्या संस्था आणि आयुका यांच्या जाहिरातींतून. 'आत ओळख आहे' सांगून पैसे मागणाऱ्याला देऊ नका.

प्रश्न : जर्मनीत एमएस्सी स्वस्त आहे म्हणतात. (ठाणे)

बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही. बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्यांना सत्राला 1,500 युरो पडतात. बॉनमध्ये खगोलभौतिकीचा इंग्रजी माध्यमातला एमएस्सी आहे. राहण्याच्या खर्चाची रक्कम मात्र आधी गोठवलेल्या खात्यात (ब्लॉक्ड अकाउंट) दाखवावी लागते. आणि भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस प्रमाणपत्र (शैक्षणिक कागदपत्रांची पडताळणी झाल्याचं) लागतं. त्याला महिने जातात, म्हणून विद्यापीठाच्या उत्तराची वाट न बघता आधी त्याला लागा. तीन वर्षांची बीएस्सी असेल तर श्रेयांक पुरतात का हे विद्यापीठाला लेखी विचारा. चार वर्षांची ऑनर्स पदवी असली की हा प्रश्न सहसा येत नाही.

प्रश्न : एका खासगी संस्थेचा सहा महिन्यांचा ऑनलाइन 'अॅस्ट्रोफिजिक्स डिप्लोमा' 45,000 रुपयांना आहे. घेऊ का? (छत्रपती संभाजीनगर)

पीएचडी प्रवेशात त्याचा उपयोग शून्य. आयुकाची आणि एनसीआरएची कितीतरी व्याख्यानं फुकट ऐकता येतात, आणि वर सांगितलेल्या कृत्तिकाही फुकट आहेत.