रुग्णालयाने काय केले, ते कागदावर मिळायला हवे

ग्रामीण रुग्णालयांतील सेवेविषयी आम्ही गेल्या अंकात वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी पाच येथे घेतली असून पत्रलेखकांची नावे आणि गावे वगळली आहेत. शासकीय आरोग्यसेवेतून वैद्यकीय अधीक्षक म्हणून निवृत्त झालेल्या डॉक्टरांनी त्यांना उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : माझ्या धाकट्या जावेला आठव्या महिन्यात रक्तदाब वाढून घरीच झटका आला. रात्री साडेअकराला आम्ही तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात पोहोचलो. तिथे शस्त्रक्रियागृह आहे, स्त्रीरोगतज्ज्ञांच्या नावाची पाटी आहे, तरीही अर्ध्या तासात ‘सिव्हिलला घेऊन जा’ असे सांगण्यात आले. चिठ्ठीवर ‘पुढील उपचारांसाठी’ एवढेच लिहिले होते. सिव्हिलच्या डॉक्टरांनी ‘आधी कोणते इंजेक्शन दिले, किती वाजता दिले’ असे विचारले, तेव्हा आम्हाला काहीच सांगता आले नाही. बाळ-बाळंतीण आता सुखरूप आहेत. पण सगळी सोय असलेल्या रुग्णालयाने आम्हाला पुढे का पाठवले? (एक वाचक भगिनी, मराठवाडा)

उत्तर : ताई, दोघे सुखरूप आहेत हे वाचून फार बरे वाटले, कारण गरोदरपणात रक्तदाब वाढून येणारे झटके आजही मातामृत्यूच्या प्रमुख कारणांपैकी एक आहेत. तुमच्या पत्रात दोन तक्रारी एकत्र आल्या आहेत. पुढे का पाठवले ही एक आणि कसे पाठवले ही दुसरी. त्या वेगळ्या करून पाहू.

ग्रामीण रुग्णालय साधारणपणे ३० खाटांचे असते. राष्ट्रीय निकषांप्रमाणे सपाट प्रदेशात १,२०,००० आणि डोंगरी किंवा आदिवासी भागात ८०,००० लोकसंख्येमागे असे एक रुग्णालय अपेक्षित आहे. तिथे रात्री सिझेरियन करायचे, तर स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, जुळणारे रक्त आणि कमी दिवसांच्या बाळाला सांभाळणारी व्यवस्था या चारही गोष्टी त्याच घटकेला हाताशी लागतात. पाटीवर नाव असते ते पहिल्याचे, आणि अडते ते बहुधा दुसऱ्यावर. भूलतज्ज्ञ अनेक तालुक्यांत नेमलेलेच नसतात. शहरातील खासगी भूलतज्ज्ञांना प्रत्येक शस्त्रक्रियेमागे मानधन देऊन बोलावण्याची तरतूद राष्ट्रीय आरोग्य अभियानात आहे, पण मध्यरात्री ते येतीलच याची खात्री कोणताही अधीक्षक देऊ शकत नाही. रक्ताचेही तसेच. रक्त साठवण केंद्रात मोठ्या रक्तपेढीकडून आणलेल्या मोजक्या पिशव्या असतात आणि हवा तो गट त्यांत असेलच असे नाही. आठव्या महिन्याच्या बाळाला श्वासाचा त्रास झाला, तर त्याला सिव्हिलच्या नवजात शिशू कक्षातच न्यावे लागते. अशा वेळी रुग्णाला ठेवून घेण्याचा हट्ट धरणारा डॉक्टर तिचा जीव धोक्यात घालतो. त्यामुळे पुढे पाठवण्याच्या निर्णयाला मी दोष देणार नाही.

कसे पाठवले, याबाबतीत मात्र तुमची तक्रार पूर्णपणे खरी आहे, आणि तिच्याकडे गांभीर्याने पाहायला हवे. झटके थांबवण्यासाठी मॅग्नेशियम सल्फेट देतात. त्याचा पहिला डोस दोन्ही कुल्ल्यांत प्रत्येकी ५ ग्रॅम, म्हणजे एकूण १० ग्रॅम इतका असतो, आणि तो प्राथमिक आरोग्य केंद्रातही देता येतो. तो दिल्याशिवाय अशा बाईला गाडीत चढवू नये. पण हेच औषध अंगात जास्त झाले, तर गुडघ्याची प्रतिक्रिया मंदावते आणि पुढे श्वासही मंदावतो. आता सिव्हिलच्या प्रसूतिकक्षात रात्री एक वाजता उभ्या असलेल्या डॉक्टरांचा विचार करा. डोस दिला असेल तर पुन्हा द्यायचा नाही, दिला नसेल तर क्षणभरही थांबायचे नाही, आणि हातातल्या कागदावर ‘पुढील उपचारांसाठी’ या दोन शब्दांखेरीज काहीही नाही. बाई वाचते की नाही, हे अशा वेळी त्या कागदावरही ठरत असते.

संदर्भ चिठ्ठीवर पोहोचल्याची व निघाल्याची वेळ, दोन्ही वेळचा रक्तदाब, दिलेले प्रत्येक औषध, त्याची मात्रा आणि वेळ, पुढे पाठवण्याचे नेमके कारण आणि सिव्हिलमध्ये फोनवर कोणाशी बोलणे झाले, एवढे तरी असलेच पाहिजे. हे लिहायला पाच मिनिटे लागतात. त्या रात्री ड्युटीवर एकच डॉक्टर असतो, अपघाताचा रुग्ण, पोलिसांचे कागद आणि प्रसूती हे सगळे त्याच्याच अंगावर असते, याची मला पुरेपूर जाणीव आहे, कारण त्या खुर्चीत मीही बसलो आहे. तरीही ही पाच मिनिटे त्याने काढलीच पाहिजेत. गाडी दारात उभी असताना सोबतच्या माणसाने ‘डॉक्टर, दिलेली औषधे आणि वेळ चिठ्ठीवर लिहून द्या’ असे म्हणण्यात उद्धटपणा मुळीच नाही. सिस्टरही ते लिहून देऊ शकतात.

आणखी एक गोष्ट. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम १ जून २०११ पासून लागू आहे. त्यानुसार सरकारी रुग्णालयातील प्रसूती, सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त, तिथे असेपर्यंतचा आहार, घरून रुग्णालयात, एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात आणि परत घरी जाण्याची गाडी हे सर्व मोफत आहे. तुम्ही खासगी जीपचे भाडे भरले असेल, तर तेही तक्रारीच्या अर्जात अवश्य लिहा.

प्रश्न : वडिलांना भातखाचरात साप चावला. रुग्णालयात डॉक्टरांनी थोडे रक्त काचेच्या नळीत घेऊन ती टेबलावर ठेवून दिली आणि वीस मिनिटे लस दिली नाही. हा वेळ वाया घालवणे नव्हे काय? (एक वाचक, कोकण)

उत्तर : वाया घालवणे नव्हे. तुमच्या वडिलांवर तिथे जे झाले, त्याला मी चांगली सेवा म्हणेन, आणि ते का हे सविस्तर सांगतो.

आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांवर मिळून एकच प्रतिसर्पविष मिळते. घोणस आणि फुरसे यांचे विष रक्ताची गोठण्याची शक्ती नष्ट करते. ते ओळखण्यासाठी शिरेतून दोन मिलिलिटर रक्त कोरड्या, नव्या काचेच्या नळीत घेतात, नळी न हलवता उभी ठेवतात आणि बरोबर वीस मिनिटांनी एकदाच तिरपी करून पाहतात. रक्ताचा गोळा जागचा हलला नाही, तर ते गोठले आहे. पाण्यासारखे ओघळले, तर विष अंगात भिनले आहे आणि प्रतिसर्पविष लगेच सुरू करायचे. या तपासणीला वीज लागत नाही, यंत्र लागत नाही, तंत्रज्ञही लागत नाही. लागते ते फक्त घड्याळाकडे लक्ष.

सरसकट प्रत्येकाला प्रतिसर्पविष का देत नाहीत, असे तुम्ही विचाराल. ते घोड्याच्या रक्तातून तयार होते, आणि काही जणांना त्याची तीव्र प्रतिक्रिया येऊन रक्तदाब एकदम कोसळतो. अनेक सापांना विष नसते, आणि विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी विष अंगात जातेच असे नाही. ज्याला गरज नाही, त्याला तो धोका का द्यायचा? मात्र पापण्या जड होऊन मिटू लागल्या, गिळता येईनासे झाले किंवा बोलणे अडखळू लागले, तर वीस मिनिटेही थांबायचे नसते. नाग आणि मण्यार यांचे विष नसांवर परिणाम करते आणि ते या नळीत दिसत नाही. विशेषतः मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दंश दुखतही नाही, आणि पहाटे पोटात दुखते म्हणून रुग्ण येतो. म्हणूनच पहिली नळी चांगली निघाली, तरी रुग्णाला किमान २४ तास ठेवून घेतात आणि तपासणी पुन्हा पुन्हा करतात.

नळी नवी हवी, असे मी म्हटले त्यामागे माझी स्वतःची चूक आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका ग्रामीण रुग्णालयात माझ्याकडे एक शेतमजूर आला. वीस मिनिटांनी नळीतले रक्त पातळच होते, म्हणून मी प्रतिसर्पविष सुरू केले. दहा मिनिटांत त्याच्या अंगावर गांधी उठल्या आणि नाडी लागेनाशी झाली. ॲड्रेनलिनच्या इंजेक्शनने तो सावरला. नंतर सिस्टरांनी सांगितले की नळी साबणाच्या पावडरीने धुतलेली होती. साबणाचा अंश राहिला तर निरोगी माणसाचे रक्तही त्या नळीत नीट गोठत नाही. त्या मजुराला बहुधा प्रतिसर्पविषाची गरजच नव्हती. त्या दिवसानंतर मी अपघात कक्षात नव्या नळ्यांचा वेगळा डबा ठेवला, आणि शंका आली की शेजारच्या नळीत माझे स्वतःचे रक्त घेऊन दोन्ही एकाच वेळी तिरप्या करू लागलो.

या निमित्ताने आठवते ते रायगड जिल्ह्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचे उदाहरण. तिथे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रुग्णांपाशी रात्र रात्र बसून नोंदी ठेवल्या. विंचूदंशावर प्राझोसिन या साध्या गोळीचा उपचार पुढे जगाला कळला, तो त्यांच्या अशाच कामातून. लहान रुग्णालयात उत्तम वैद्यकी होऊ शकते, याचा याहून मोठा पुरावा मला ठाऊक नाही.

प्रश्न : उपचार मोफत म्हणतात, मग औषधे बाहेरून आणायला का सांगतात? (एक वाचक, विदर्भ)

उत्तर : महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून तपासण्यांपर्यंत सर्व सेवा मोफत आहेत. महापालिकांची आणि वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये या निर्णयाबाहेर आहेत, त्यामुळे तिथे पैसे मागितले म्हणजे नियमभंग झाला असे समजू नये. ग्रामीण रुग्णालयात मात्र औषध संपले, तर ते मिळवण्याची जबाबदारी रुग्णालयाची आहे. रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून ते स्थानिक बाजारातून घेता येते. बाहेरून औषध आणायला सांगितले, तर ते केसपेपरवर ‘रुग्णालयात उपलब्ध नाही’ अशा शेऱ्यासह लिहून मागा. कोऱ्या चिटोऱ्यावर औषधाचे नाव लिहून दिलेले घेऊ नका. त्या चिटोऱ्यावर ना तारीख असते, ना सही, आणि औषध खरोखरच संपले होते की कपाटात होते, हे नंतर कोणालाही शोधता येत नाही.

प्रश्न : आमच्या रुग्णालयाच्या भिंतीवर गुणवत्तेचे प्रमाणपत्र आहे, पण महिलांच्या वॉर्डमधील स्वच्छतागृहात पाणी नसते. प्रमाणपत्र खोटे आहे का? (एक वाचक, पश्चिम महाराष्ट्र)

उत्तर : खोटे असण्याचे कारण नाही. राष्ट्रीय गुणवत्ता हमी मानकांनुसार बाहेरचे तपासनीस येऊन सेवा, रुग्णहक्क, जंतुसंसर्ग नियंत्रण अशा आठ अंगांनी तपासणी करतात. प्रमाणपत्र ३ वर्षांसाठी असते आणि दरवर्षी पुन्हा पाहणी व्हायची असते. स्वच्छतेसाठी कायाकल्प पुरस्कार २०१५ पासून वेगळा आहे. तपासणीच्या दिवशी पाणी असेलही; पण बाळंतिणीला ते रोज लागते. प्रमाणपत्रावरील तारीख पाहा, मुदत संपली आहे का ते बघा, आणि पाणी कोणत्या तारखांना नव्हते हे लिहून अधीक्षकांना द्या. मोघम तक्रारीपेक्षा तारखांची यादी अधिकाऱ्याला टाळता येत नाही.

प्रश्न : तक्रार नेमकी कोणाकडे करायची? मोफत उपचारांबद्दल ग्राहक मंचात जाता येते का? (एक वाचक, खानदेश)

उत्तर : सर्वांना पूर्णपणे मोफत मिळणारी सेवा ग्राहक कायद्यात बसत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये स्पष्ट केले आहे. पण म्हणून तुम्हाला हक्क नाही, असा त्याचा अर्थ नव्हे. पश्चिम बंगालमध्ये रेल्वेतून पडलेल्या एका शेतमजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही, सोय नाही म्हणून परत पाठवले होते. त्या प्रकरणात १९९६ मध्ये त्याच न्यायालयाने ठरवले की वेळेवर तातडीचे उपचार न देणे हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग आहे, आणि त्याला भरपाईही द्यायला लावली.

रोजच्या तक्रारीसाठी आधी वैद्यकीय अधीक्षक आणि त्यांच्यावर जिल्हा शल्यचिकित्सक हा मार्ग आहे. प्राथमिक आरोग्य केंद्र असेल तर ते जिल्हा परिषदेकडे येते, म्हणून तिथली तक्रार जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे करावी. लोक बहुतेक वेळा इथेच चुकतात आणि अर्ज महिनोन्महिने फिरत राहतो. ‘आपले सरकार’ पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. महाराष्ट्रात २००७ पासून काही जिल्ह्यांत आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख झाली आणि जनसुनावण्यांत गावकऱ्यांनी अधिकाऱ्यांसमोर एकेक प्रसंग मांडला. तिथे जे प्रसंग कागदानिशी आले, त्यांना उत्तर देणे अधिकाऱ्यांना भाग पडले, हे मी समोरच्या टेबलामागे बसून पाहिले आहे.

म्हणून तक्रारीआधी उपचारांच्या कागदांच्या प्रती मागा. रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने मागितल्यास त्या ७२ तासांत द्याव्यात, असा डॉक्टरांच्या आचारसंहितेचा २००२ पासूनचा नियम आहे. भरती रुग्णांचे कागद उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षे जपून ठेवणेही त्याच नियमात आहे, तेव्हा फार उशीर करू नका. अर्ज दोन प्रतींत करा आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका.